सॅली राइडच्या पश्चात कोण?

मैत्रिणींनो, वर्तमानपत्रातली निधनवार्ता तुम्ही कुठून वाचता? नाव आणि वय पाहिलं की आपली नजर बहुधा थेट शेवटच्या ओळीवर जाते. ‘त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ गेलेल्या बाईनं आयुष्यात काय मिळवलं ते वरच्या ओळींत असतं आणि ती कोणाची होती ते या एका ओळीत. भेटायला कोणाकडे जायचं, कोणाच्या पाठीवरून हात फिरवायचा, पिठलं-भात कोणाच्या घरी पोचवायचा, हे सारं या ओळीवरूनच ठरतं. तिच्यातून एखादीचं नाव राहून गेलं तर केवढं महाभारत होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

२३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेत अशीच एक निधनवार्ता प्रसिद्ध झाली. गेलेली बाई होती डॉ. सॅली राइड, अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री. वय ६१. आजार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा, आणि तो झाल्याचं बाहेर फारसं कोणाला ठाऊकही नव्हतं. तिनेच काढलेल्या संस्थेने दिलेल्या त्या वार्तेत तिचं शिक्षण, उड्डाणं, मानसन्मान सगळं होतं आणि शेवटी ती ओळखीची ओळ होती. पश्चात आई, बहीण, भाची, भाचा. पण या सगळ्यांच्या आधी नाव होतं सत्तावीस वर्षांच्या जोडीदाराचं, टॅम ओशॉनेसी.

टॅम हे बाईचं नाव आहे.

झालं! अंतराळात कोण किती दिवस राहिलं ते बाजूलाच पडलं आणि उभी अमेरिका त्या एका ओळीवर बोलायला लागली. काही म्हणाले, एवढी मोठी बाई, हे आयुष्यभर लपवून का ठेवलं? काही म्हणाले, तिच्या घरात कोण राहतं ते तुम्हाला कशाला हवं? त्यावर लेख आले, २०१४ साली चरित्र आलं, २०२५ साली ‘सॅली’ नावाचा माहितीपटही आला. वाद मिटला असं काही म्हणता येणार नाही. मला त्यात पडावंसं वाटतं, कारण दोन्ही बाजूंचं बोलणं वाचताना त्या ओळीतली जी दुसरी बाई आहे तिच्याविषयी कोणी फारसं बोलतच नाही, असं मला सारखं जाणवत राहिलं.

पण आधी सॅली कोण ते थोडं सांगते.

तिचा जन्म २६ मे १९५१ चा, लॉस एंजेलिसचा. वडील कॉलेजात राज्यशास्त्र शिकवीत. आई तुरुंगातल्या बायकांना मदत करायला जाई. मुलगी टेनिस इतकं छान खेळायची की पुढे तेच करावं की काय, असा प्रश्न घरात पडला होता. पण तिने स्टॅनफर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र धरलं, आणि त्याच्या जोडीने इंग्रजी साहित्यही. १९७३ साली दोन्ही विषयांत पदवी घेऊन ती बाहेर पडली. पुढे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. १९७७ साली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिने नासाची जाहिरात वाचली. अंतराळवीर पाहिजेत, स्त्रियांचेही अर्ज चालतील. आठ हजारांवर अर्ज गेले होते. १९७८ च्या जानेवारीत ३५ जणांची निवड झाली, त्यांत बायका सहा. सॅली त्या सहांतली एक.

रशियाने व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हाला १६ जून १९६३ रोजीच वर पाठवलं होतं. अमेरिकेला त्यानंतर वीस वर्षं आणि दोन दिवस लागले. १८ जून १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ यानातून सॅली गेली. वय ३२, बरोबर चार पुरुष, मुक्काम सहा दिवसांचा. यानाला एक भला लांब यांत्रिक हात होता. त्याने उपग्रह बाहेर सोडायचा आणि पुन्हा अलगद पकडून आत घ्यायचा, ही मोठ्या नाजूक सरावाची गोष्ट, आणि सॅलीचा त्यात हात बसलेला होता.

आता तिला पत्रकारांनी काय विचारलं ते ऐका. या प्रवासाचा तुमच्या मुलं होण्यावर काही परिणाम होईल का? कामात काही बिनसलं की तुम्ही रडता का? सॅलीने शेजारी बसलेल्या वैमानिक रिक हॉककडे पाहून विचारलं, हे प्रश्न रिकला का कोणी विचारत नाही? टीव्हीवरचे लोकप्रिय विनोदवीर जॉनी कार्सन यांनी तर गंमत केली की, यानाला उशीर होतोय, कारण बाईंना बुटांच्या रंगाची पर्स सापडत नाहीये. नासाचे इंजिनिअरही मागे नव्हते. बाई जाणार म्हणजे तोंडाला लावायला काही तरी हवंच, म्हणून त्यांनी खास प्रसाधनाची पेटी तयार केली. आणि पाळीची सोय? टॅम्पॉन, म्हणजे त्या दिवसांत वापरायच्या कापसाच्या लहान गुंडाळ्या, किती द्यायच्या याचा हिशेब त्या हुशार माणसांनी मांडला. आठवड्याभराच्या प्रवासासाठी शंभर! शंभर पुरतील ना, असं तिलाच विचारलं. चंद्रावर माणूस उतरवून आणणाऱ्या मंडळींना घरातल्या बायकोला एक प्रश्न विचारून हा आकडा ठरवता आला असता. पण ते त्यांना सुचलं नाही.

हसू येतं खरं. पण नोकरीच्या मुलाखतीत ‘लग्न झाल्यावर काय करणार?’, ‘मुलांना कोण बघणार?’ अशा प्रश्नांना ज्या तोंड देऊन आल्या आहेत त्यांना हे सगळं फार परकं वाटणार नाही. सॅली चिडली नाही. ती हसायची, चार शब्दांत उत्तर द्यायची आणि गप्प व्हायची. दार जरा किलकिलं केलं की लोक चपला घालून थेट स्वयंपाकघरात येतात, हे तिने त्या वर्षी पुरतं ओळखलं असणार. परत आल्यावर स्वागताला कोणी तरी मोठा पुष्पगुच्छ पुढे केला. बरोबरच्या पुरुषांसाठी गुच्छ नव्हता, म्हणून तिने तो घेतला नाही. त्यावरही लोकांनी तोंडसुख घेतलंच. फुलं नाकारणारी ही कसली बाई!

ही जी तिची गप्प राहण्याची सवय होती, तिच्यावरच पुढे सगळा वाद झाला. पण या सवयीने एकदा काय काम केलं तेही सांगायला हवं. मला तर तिच्या दोन्ही उड्डाणांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते, आणि ती जगाला कळली तीही सॅली गेल्यावरच.

२८ जानेवारी १९८६. तेच चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. सातही जण गेले. त्यांत ज्युडिथ रेझनिक होती, सॅलीबरोबर निवडल्या गेलेल्या सहा जणींपैकी एक. क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळामास्तरीण होती, आणि शाळांतली मुलं टीव्हीवर ते पाहत होती. सॅली त्या वेळी स्वतःच्या तिसऱ्या उड्डाणाची तयारी करीत होती. चौकशी आयोग नेमला गेला आणि त्यात तिला घेतलं.

दोष कशात होता ते आपल्याला समजायला मुळीच कठीण नाही. कुकरची रिंग आठवा. ती मऊ आणि लवचिक असेल तर झाकण घट्ट बसतं आणि वाफ आत राहते. रिंग कडक झाली की कडेने फसफस सुरू होते. यानाला जोडलेल्या प्रचंड रॉकेटांचे तुकडे एकमेकांवर बसवताना सांध्यांत अशाच रबराच्या गोल कड्या घातलेल्या होत्या. आत मात्र वाफ नव्हे, आग होती. उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लॉरिडात गोठवणारी थंडी पडली होती. थंडीत ते रबर कडक होतं आणि दाबलेलं पटकन पुन्हा फुगत नाही. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर आदल्या रात्री कळवळून सांगत होते की, एवढ्या थंडीत यान सोडू नका. वरच्यांनी ऐकलं नाही.

आयोगापुढे मात्र कोणी सरळ बोलेना. तेव्हा एके दिवशी आयोगातले हवाई दलाचे जनरल डोनाल्ड कुटायना आणि सॅली बरोबर चालले होते. सॅलीने वही उघडली, त्यातला एक कागद काढला आणि समोरच पाहत, अवाक्षर न बोलता, त्यांच्या हातात दिला. कागद नासाचाच होता. दोन रकाने होते. एकात तापमान, दुसऱ्यात त्या तापमानाला रबर कितपत लवचिक राहतं त्याचे आकडे. म्हणजे नासाला हे ठाऊक होतं! कागद कुठून आला हे फुटलं असतं तर सॅलीची, आणि तिला तो देणाऱ्याची, नोकरी गेली असती. कुटायनांनी तो कोणाला दाखवला नाही. त्यांनी आयोगातले दुसरे सदस्य, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना घरी जेवायला बोलावलं. मग गॅरेजमध्ये नेऊन आपल्या जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर दाखवला आणि सहज म्हटल्यासारखं केलं की, थंडी पडली की यातल्या रबराच्या कड्या गळतात बघा. फाइनमन काय ते समजले. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी भर बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवला. चिमटा सोडला तरी तुकडा दबलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळीकडे झाली. फाइनमन यांचं नाव झालं, आणि त्यांच्या बुद्धीला ते शोभलंही. १९८८ साली ते गेले. त्यांच्या ग्लासातल्या पाण्यामागे वहीतून निघालेला एक कागद होता, आणि तो देणारा हात कोणाचा होता हे कुटायनांनी सॅलीच्या मृत्यूनंतरच उघड सांगितलं.

विचार करा, पंचवीसएक वर्षं! स्वतःची टिमकी वाजवायला याहून चांगली संधी ती कोणती? पुस्तकं लिहीत होती, गावोगाव भाषणं देत होती, पण हे कुठे बोलली नाही. बोलली असती तर ज्यानं कागद दिला त्याचं काय झालं असतं, हा हिशेब तिच्या मनात असणार.

त्याच चौकशीत रॉजर बॉइजोली नावाच्या इंजिनिअरने साक्ष दिली. उड्डाण थांबवा म्हणून आदल्या रात्री जे भांडले त्यांतले ते एक. साक्षीनंतर त्यांच्या कंपनीत, त्यांच्या गावात लोकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. सॅली मात्र सगळ्यांसमोर उठून गेली आणि त्यांना मिठी मारली. नासातल्या लोकांपैकी आपल्याला धीर देणारी ती एकटीच, असं बॉइजोली पुढे सांगत. तेही २०१२ सालीच गेले, तिच्या सहा महिने आधी.

पुढे १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर तुटलं. त्यात आपली कल्पना चावला होती, म्हणून तो दिवस आपल्यालाही विसरता येत नाही. त्याच्या चौकशी मंडळातही सॅली होती. दोन्ही अपघातांच्या चौकशीत बसलेली ती एकटीच. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता, खालच्या इंजिनिअरांनी काळजी केली होती, वरच्यांना ती फाजील वाटली होती. हे ऐकताना सॅली म्हणाली की, मला यात जुनाच प्रतिध्वनी ऐकू येतोय. सतरा वर्षांत माणसं बदलली होती, पण खालच्याचं न ऐकण्याची खोड तीच होती.

नासा तिने १९८७ सालीच सोडली. मग सॅन डिएगोला विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली. मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. २००१ साली शाळेतल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, विज्ञानाची गोडी लागावी म्हणून ‘सॅली राइड सायन्स’ ही संस्था काढली. पुस्तकांवर दुसरं नाव टॅम ओशॉनेसीचं असायचं. संस्था काढणाऱ्यांतही टॅम होतीच. लोकांना वाटायचं, मैत्रीण आहे, सहकारी आहे. टॅम आणि सॅली टेनिसच्या मैदानावर भेटल्या तेव्हा दोघी बाराएक वर्षांच्या होत्या. टॅम पुढे धंदेवाईक खेळाडू झाली, मग जीवशास्त्राची शिक्षिका, मग मानसशास्त्राची प्राध्यापक. दोघींनी एकत्र घर केलं, सॅलीच्या अखेरच्या आजारात टॅमच उशाशी होती.

आता तुमच्यातली हिशेबी गृहिणी मला थांबवील. थांबा, २०१२ मधून सत्तावीस वजा केले की १९८५ येतं. आणि सॅलीचं तर लग्न झालेलं होतं ना? होय. १९८२ साली तिने बरोबरच्याच अंतराळवीराशी, स्टीव्ह हॉलीशी, लग्न केलं होतं आणि घटस्फोट झाला १९८७ साली. म्हणजे मधली दोन वर्षं तिचा एक पाय या घरात, एक त्या घरात. निधनवार्तेतल्या त्या आकड्याने हेही सांगून टाकलं. तिच्या बाजूने लिहिणारे यावरून भरभर पुढे जातात. मला तसं जाता येत नाही. आपल्या संसारात आपण एकटेच आहोत हे जोडीदाराला उशिरा कळणं यात दुखणं असतंच, मग पलीकडे पुरुष असो की बाई. तक्रार करायचा खरा हक्क कोणाला असेल तर तो हॉलीला. त्याने कधी वर्तमानपत्रांत जाऊन धुणी धुतली नाहीत, आणि तिच्यावरच्या माहितीपटात तो तिच्याविषयी बोललाही आहे. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं ते मात्र चावडीवर जमले.

त्यांचं म्हणणं तरी काय होतं? ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. २०१२ च्या सुमाराला अमेरिकेत समलिंगी मुलामुलींना शाळेत छळणं, त्यापायी त्यांनी जीव देणं, हा मोठा चिंतेचा विषय होता. ते म्हणत, सॅली राइडचं चित्र शाळाशाळांच्या भिंतीवर होतं. ती एकदा जरी म्हणाली असती की मीही तुमच्यासारखीच आहे, तर एखादी पोर त्या चित्राखाली ताठ उभी राहिली असती. मुलींना धीर देणं हेच जिचं काम, तिने या मुलींना का वगळलं? मेल्यावर सांगण्यात कसलं आलंय धैर्य?

दुसऱ्या बाजूचे म्हणत, एका बाईने किती लढाया लढायच्या? पहिली बाई म्हणून तिने जे सोसलं ते पुरेसं नाही का? आणि काळही पाहा. बिली जीन किंग ही टेनिसची सम्राज्ञी. १९८१ साली एका खटल्यामुळे तिचं एका बाईशी असलेलं नातं उघड झालं, तर एका दिवसात तिच्या जाहिरातींचे करार गेले. सॅली आणि टॅम दोघीही टेनिसच्या जगातल्या, दोघींनी हे जवळून पाहिलेलं. त्यांची संस्था मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांवर आणि शाळांच्या भरवशावर चालणारी. आपलं कळलं तर देणगीदार पळतील आणि मुलींची शिबिरं बंद पडतील, ही भीती दोघींना होती, असं टॅमनेच पुढे सांगितलं.

सॅलीची बहीण बेअर ही चर्चमधली धर्मोपदेशक आहे, आणि ती स्वतः समलिंगी असल्याचं उघडपणे सांगते. तिचं म्हणणं वेगळंच होतं. लपवलं कुठे होतं? घरच्यांना, जवळच्यांना माहीत होतं. सॅलीला आपलं काहीच चारचौघांत मांडायला आवडत नसे, आजारपणसुद्धा तिने तसंच ठेवलं. बहिणीचं हे ऐकलं की पटतं. पण मग लिन शेरचं काय? ही टीव्हीवरची पत्रकार, सॅलीची कित्येक वर्षांची मैत्रीण, नासाच्या दिवसांपासूनची. तिलाही हे कळलं ते निधनवार्तेतूनच. जिवाभावाच्या मैत्रिणीनं आपल्यापासून एवढं ठेवलं याचं तिला वाईट वाटलं. तेव्हा ‘जवळच्यांना माहीत होतं’ हे अर्धंच खरं. लिन शेरने रुसून न बसता टॅमच्या मदतीने तिचं चरित्र लिहिलं, २०१४ साली. ते वाचलं नसतं तर या गप्प बाईविषयी निम्मंही कळलं नसतं.

माझं मत विचाराल तर सांगते. आपल्या घरात कोण आहे हे जगाला सांगण्याचं कर्ज सॅलीच्या डोक्यावर नव्हतं. ज्या लोकांनी तिला ‘रडता का’ असं विचारलं, त्यांच्यापुढे तिने घर उघडं टाकायला हवं होतं, हे मला मान्य नाही. आणि कागदाची गोष्ट कळल्यावर तर ‘गप्प राहिली म्हणजे भित्री’ हे म्हणणं टिकतच नाही. भित्र्या बाईनं तो कागद वहीत मिटून ठेवला असता.

पण गप्प राहण्याची किंमत सॅलीने एकटीने दिली असती तर मी इथेच थांबले असते. ती टॅमनेही दिली. समारंभांत ती मागच्या रांगेत बसायची, कोणी विचारलं तर सहकारी म्हणून ओळख करून दिली जायची. सत्तावीस वर्षं! तुमच्या यजमानांनी ऑफिसच्या समारंभात तुमची ओळख ‘या आमच्या शेजारी राहतात’ अशी एकदा करून दिली तर काय वाटेल तुम्हाला? आणि हे काही केवळ मानापमानाचं नव्हतं. १९९६ च्या कायद्यानं अमेरिकेचं केंद्र सरकार अशा जोडप्याला जोडपं मानतच नव्हतं. कॅलिफोर्नियात त्या वेळी त्यांना लग्न करता येत नव्हतं. २०११ साली, आजारपणात, दोघींनी राज्याच्या दफ्तरी जोडीदार म्हणून नोंद तेवढी केली. पण सरकारी नोकरीतल्या माणसामागे त्याच्या विधवेला जे मिळतं, त्यावर टॅमचा हक्क नव्हता. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २६ जून २०१३ रोजी मोडीत काढला. सॅलीला जाऊन अकरा महिने झाले होते.

आणि आता त्या ओळीबद्दल. ती ओळ कोणी लिहिली असं तुम्हाला वाटतं? सॅलीने नाही. शेवटच्या दिवसांत टॅमला प्रश्न पडला. सॅली गेल्यावर लोकांनी मला कोण म्हणून ओळखायचं? मी कोण म्हणून उभी राहू? तिने ते सॅलीलाच विचारलं. सॅली म्हणाली, तुला हवं ते सांग, तू ठरव. आधी तिने असंही बोलून दाखवलं की, नासाचं आणि संस्थेचं काय होईल याची काळजी वाटते. पण शेवटी निर्णय टॅमवर सोपवला. टीकाकार म्हणतात, मेल्यावर सांगितलं. मी म्हणते, सांगितलं ते जिवंत माणसानं, जिला उद्या त्याच गावात, त्याच संस्थेत, त्याच देणगीदारांसमोर उभं राहायचं होतं तिने. धैर्याचा हिशेब करायचाच असेल तर तो त्या नावावर मांडायला हवा. आयुष्यभर तोंड मिटून राहिलेल्या सॅलीनं जाताना निदान किल्ली तरी योग्य हातात दिली, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. आणखी आधी दिली असती तर बरं झालं असतं, असंही मला वाटतंच.

संस्था काही बुडाली नाही. ती नंतर सॅन डिएगोच्या विद्यापीठाने आपल्याकडे घेतली. मुलींच्या शाळांतून सॅलीचं चित्रही कोणी उतरवलं नाही. २०१८ साली तिचं टपाल तिकीट निघालं. २०२२ साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर ती आली, यानाच्या खिडकीतून पृथ्वीकडे पाहणारी. नासाची दोन लहान याने काम संपल्यावर १७ डिसेंबर २०१२ रोजी मुद्दाम चंद्रावर आदळवली गेली. त्या जागेलाही तिचंच नाव दिलेलं आहे. सत्कार तिला जिवंतपणी फारसे मानवत नसत, आता तिचा काही इलाज नाही.

२० नोव्हेंबर २०१३ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी तिला मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं. पदक घ्यायला व्हाइट हाउसच्या दालनात टॅम उठून पुढे गेली आणि तिची ओळख आयुष्याची जोडीदार अशीच करून देण्यात आली, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नौदलाने समुद्रसंशोधनासाठी बांधलेल्या जहाजाला सॅलीचं नाव दिलं. नवं जहाज पाण्यात उतरवताना आपण नारळ फोडतो, तिकडे नाळेवर शॅम्पेनची बाटली फोडतात. तो मान जहाजाच्या मानकरणीचा असतो. बाटली टॅमने फोडली.